डिस्क कटर: एका घावात स्वच्छ चकती कशी काढावी

चकती नीट कापली गेली की ते डोळ्यांआधी कानांना कळतं. हातोडी पंचावर, म्हणजे चकती कापणाऱ्या पोलादी दांड्यावर, पडताना ‘टण्’ वाजतं आणि पंच पत्र्याच्या पार झाला की त्याच आवाजाच्या शेपटाला एक दबका ‘थप्’ येतो. पाच-सहा घाव घातले तरी नुसतंच टणटण वाजत राहिलं, तर हातोडी खाली ठेवायची. पत्रा जाड आहे, कडक आहे, की पंच तिरका बसलाय, यांतलं काहीतरी आधीच बिघडलेलं असतं आणि आणखी जोर लावून ते सुधारत नाही.

मी घरी तांब्याचे, पितळेचे आणि चांदीचे दागिने करते. सुरुवातीची दोन वर्षं प्रत्येक चकती सोनारी करवतीने कापून कानसेने गोल करत होते. कानातल्यांच्या एका जोडीतल्या दोन चकत्या तंतोतंत सारख्या व्हायला अर्धा दिवस जायचा. कटर आल्यावर तेच काम दहा मिनिटांवर आलं. पण पहिल्याच महिन्यात मी त्याच्या १३ मिमीच्या पंचाची कड उडवली. ती का उडाली हे योग्य जागी सांगते, कारण नवीन माणसाकडून बहुधा तीच चूक होते. या लेखात पत्रा निवडण्यापासून पोकळ मणी बनवण्यापर्यंत सगळं क्रमाने लिहिलंय. मात्र हातोडीपेक्षा हातोडीआधीच्या तयारीवर जास्त लिहिलंय, कारण चकती चांगली की वाईट हे तिथेच ठरतं.

कटरची रचना

डिस्क कटर म्हणजे कडक केलेल्या पोलादाचा ठोकळा. त्याला आडवी फट असते, तिच्यात पत्रा सरकवायचा. ठोकळ्यात वरपासून खालपर्यंत वेगवेगळ्या मापांची गोल भोकं असतात आणि प्रत्येक भोकाला त्याच्याच मापाचा पंच असतो. फटीच्या वरचं भोक पंचाला सरळ उभा धरतं, फटीखालचं भोक कापतं. पंचाची कड आणि खालच्या भोकाची कड या दोन धारांच्या मधे पत्रा सापडतो. म्हणजे ही कात्रीच आहे, फक्त गोल. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. दोन्ही धारा शाबूत हव्यात, त्यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं हवं आणि मधे त्यांना झेपेल एवढाच धातू हवा.

बाजारात सात पंचांचा लहान संच सर्रास मिळतो: ३, ४, ६, ८, १०, १३ आणि १६ मिमी. कानातली, पेंडंटचे लहान भाग आणि मणी यांना एवढा पुरतो. त्याहून मोठ्या मापांचे संच वेगळे असतात. काही कटर एकसंध असतात, तर काहींत दोन पाट्या खिळ्यांवर बसून स्क्रूने आवळता येतात. परवडत असेल तर स्क्रूचा घ्या. पत्रा आवळून धरला की तो घावाबरोबर सरकत नाही आणि चकतीही सपाट निघते.

दुकानात घेताना एक गोष्ट तिथल्या तिथे तपासा. पंच भोकात सोडला की तो स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकला पाहिजे, पण बोटाने हलवल्यावर डुगडुगता कामा नये. डुगडुगणारा पंच पातळ पत्रा कापत नाही, मुडपून भोकात ओढतो. सगळे पंच एकेक करून बघा. एकाच संचात चार पंच उत्तम आणि दोन सैल असं मी पाहिलंय. मुंबईत झवेरी बाजाराच्या आसपास सोनारकामाच्या हत्यारांची दुकानं आहेत, कोल्हापुरात गुजरीच्या परिसरात चौकशी करा. ऑनलाइन मागवलात तर परत करण्याची मुदत संपायच्या आत ही तपासणी उरका.

पत्रा: गेजच्या आकड्यावर विसंबू नका

इथे आपल्याकडे एक खास घोटाळा होतो. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. त्यांत ‘१८ गेजपर्यंत कापा’ म्हणतात, तेव्हा तो अमेरिकन गेज असतो, म्हणजे १.०२ मिमी. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या दुकानात जो गेज चालतो तो ब्रिटिश मापाचा, आणि त्यातला १८ गेज म्हणजे १.२२ मिमी. आकडा एकच, पण पत्रा वीस टक्क्यांनी जाड. २० गेज तिकडे ०.८१, इकडे ०.९१. २२ गेज तिकडे ०.६४, इकडे ०.७१. २४ गेज तिकडे ०.५१, इकडे ०.५६. म्हणून गेज विसरा आणि मिलिमीटरमध्ये बोला. व्हर्नियर घेऊन दुकानात जा आणि पत्रा स्वतः मोजा. दुकानदार काही म्हणत नाहीत. उलट, गिऱ्हाइकाला काय हवंय ते पक्कं माहीत आहे हे बघून नीट माल काढून देतात. मुंबईत गुलालवाडीच्या किका स्ट्रीटवर तांब्या-पितळेचे पत्रे मिळतात. पुण्यात तांबट आळीत भांड्यांच्या कामातले उरलेले तुकडे कधीकधी वजनावर मिळून जातात. शिकण्यासाठी ते उत्तम.

लहान संचासाठी माझा नियम असा: तांबं आणि चांदी ०.८ मिमीपर्यंत, पितळ ०.६ किंवा ०.७ मिमीपर्यंत. कटरवर मर्यादा १ मिमी लिहिली असली तरी मी शेवटपर्यंत जात नाही. कारण साध्या हिशेबाने कळतं. कापायला लागणारा जोर म्हणजे चकतीचा घेर गुणिले पत्र्याची जाडी गुणिले धातूची कापताना विरोध करण्याची ताकद. १६ मिमीची चकती ०.८ मिमीच्या पत्र्यातून काढायची तर सुमारे ४० चौरस मिमी एवढी कड एकदम कापायची असते. मऊ केलेलं तांबं चौरस मिमीला साधारण १५० न्यूटन विरोध करतं. म्हणजे ६,००० न्यूटन, सहाशे किलोचं ओझं त्या पंचावर ठेवल्यासारखं. तेच २५ मिमीच्या चकतीला टनाच्या जवळ जातं. म्हणूनच मोठ्या चकत्यांसाठी हातोडी सोडून प्रेस वापरतात. आणि हे आकडे मऊ तांब्याचे आहेत. पत्रा कडक असेल तर जोर आणखी वाढतो.

पोलादी पत्रा, स्टेनलेस स्टील, टायटॅनियम, स्प्रिंगची पट्टी यांतलं काहीही या कटरमध्ये घालू नका. जुन्या नाण्याचं पेंडंट करावं असं पुष्कळांना वाटतं, त्यांच्यासाठीही सांगते. आपली १ आणि २ रुपयांची चालू नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, ती पंचाची धार घालवतील. शिवाय २०११ च्या नाणे कायद्याने नाणी वितळवायला किंवा नष्ट करायला मनाई आहे.

उलट बाजूने, ०.४ मिमीपेक्षा पातळ पत्राही त्रास देतो. तो दोन जाड कागदांच्या मधे ठेवून कापा, कड मुडपत नाही.

चांदी कापणार असाल तर वजनाचा अंदाज आधी काढा. ९२.५ टंचाच्या चांदीची १६ मिमीची, ०.८ मिमी जाडीची एक चकती १.६७ ग्रॅम भरते. तीच तांब्याची १.४४ ग्रॅम. १८ मिमी रुंदीच्या पट्टीतून, दोन चकत्यांमध्ये दीड मिमी सोडून कापत गेलात तर जवळपास ३६ टक्के चांदी जाळी म्हणून उरते. ती वाया जात नाही, पुन्हा वितळवता येते, पण पत्रा विकत घेताना हिशेबात धरावीच लागते. चकत्या जितक्या मोठ्या, तितका हा आकडा खाली येतो.

तापवून मऊ करणे

पत्रा रोलरमधून ओढून बनवलेला असतो. त्या ओढाताणीत तो कडक होतो. दुकानातून आणलेला पत्रा सरळ कटरमध्ये घातला तर पंचावर नको तेवढा ताण येतो. म्हणून आधी तापवायचं.

आग सोसणाऱ्या विटेवर पत्रा ठेवा, खोलीतला उजेड कमी करा आणि गॅस टॉर्चची मोठी, मऊ ज्योत सगळीकडे फिरवा. उजेड कमी करायचा तो रंग दिसावा म्हणून. भर उन्हात तांबं लाल झालेलं कळतच नाही, आणि कळेपर्यंत ते गरजेपेक्षा जास्त तापलेलं असतं. तांबं मंद लाल झालं की ज्योत काढा. ते लगेच पाण्यात टाकलं तरी चालतं. चांदीला गुलाबीसर झाक येते तेव्हा थांबायचं. ती लाली गेल्यावर मगच पाण्यात टाका. चांदीसाठी एक सोपी खूण आहे. काळ्या पर्मनंट मार्करने पत्र्यावर रेघ ओढा. तापता तापता ती रेघ उडाली की चांदी मऊ झाली असं समजा. पितळ मात्र तापलेलं असताना पाण्यात टाकू नका, तडकतं. त्याला आपोआप गार होऊ द्या.

तापवलेल्या तांब्यावर काळी पापडी धरते. ती कडक असते आणि धारेला घासते, म्हणून तशीच कटरमध्ये न्यायची नाही. सोनार पूर्वापार चिंच आणि तुरटी वापरत आलेत. मी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालते, कपभर पाण्याला दोन मोठे चमचे. वेळ लागतो, पण घरात मुलं असताना तेजाबापेक्षा हे केव्हाही बरं. या पाण्यात लोखंडी चिमटा बुडवू नका, चांदीवर तांब्याचा लालसर थर चढतो. बांबूचा चिमटा वापरा.

मग पत्रा धुवा आणि पूर्ण कोरडा करा. अगदी पूर्ण. फटीच्या आतल्या कोपऱ्यात एक थेंब राहिला तरी पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी तिथे गंजाचा ठिपका असतो. शेवटी पत्रा सपाट ठोकळ्यावर ठेवून नायलॉनच्या हातोडीने हलक्या हाताने सरळ करा. पत्र्यावर ठोक्यांची नक्षी, पोत किंवा अक्षरांचे ठसे हवे असतील तर तेही आत्ताच, कापण्याआधी उमटवा. कापलेल्या चकतीवर ठोकलं की ती एका बाजूला पसरते आणि गोलाई जाते. नक्षीच्या ठोक्यांनी पत्रा पुन्हा थोडा कडक होतो, म्हणून ती झाल्यावर एकदा परत तापवा.

बैठक, हातोडी आणि पंचाखालचं चामडं

लाकडी ओंडका असेल तर उत्तम. नसेल तर टेबलाच्या पायाच्या बरोबर वर कटर ठेवा. टेबलाच्या मधोमध ठेवलात तर अर्धा घाव फळी खाली दबण्यातच जातो, आणि तुम्हाला वाटतं की कटर बोथट आहे. हातोडी किलोभर वजनाची हवी, शक्यतो पितळेची, म्हणजे पंचाचं डोकं पसरत नाही. चकाकत्या तोंडाची सोनारी हातोडी इथे वापरू नका, तिचं तोंड कायमचं खराब होतं.

पंचाने पत्रा कापला की त्याला अडवायला खाली काहीच नसतं. तो वेगाने खाली जातो आणि भोकाच्या तळाशी जे असेल त्यावर त्याची धार आदळते. ते जर पोलाद असेल, तर दोन-तीन महिन्यांत धार मेली. म्हणून कटरखाली दोन-तीन मिमी जाडीचा चामड्याचा तुकडा ठेवायचा. जुन्या चपलेचा तळ चालतो. रबर मात्र नको, ते घाव उसळवून परत देतं.

डोळ्यांवर गॉगल हवाच, आणि एका बैठकीत वीस-पंचवीस चकत्या काढणार असाल तर कानांत बोळे.

पहिली चकती

सुरुवात ८ किंवा १० मिमीच्या पंचाने आणि तांब्याने करा. चांदी पहिल्या दिवशी नको.

पत्रा फटीत सरकवा आणि वरून भोकात बघा. भोकभर फक्त धातू दिसला पाहिजे. कडेला कुठेही काळी फट दिसली तर पत्रा पुढे घ्या. माझ्या १३ मिमीच्या पंचाचं नेमकं हेच झालं होतं. पितळेचा एक कोपरा उरला होता, चकती बसेल न बसेल एवढाच. भोकाच्या एका बाजूला धातू पुरत नव्हता, पितळ तापवलेलंही नव्हतं. घाव बसल्यावर पंचाला तीन बाजूंनी विरोध झाला आणि चौथी बाजू मोकळी. तो त्या बाजूला ढकलला गेला, त्याची कड खालच्या भोकाच्या कडेवर चढली आणि बारीक टवका उडाला. त्या कोपऱ्यातलं पितळ चार-पाच रुपयांचंही नसेल. आता मी भोकाच्या कडेबाहेर सगळीकडून निदान एक मिमी पत्रा राहील असं बघते, मग कितीही तुकडे उरले तरी चालतील.

पंचाला दोन टोकं असतात. एकाची कड काटकोनात धारदार असते, ते खाली. दुसऱ्याची कड किंचित उतरवलेली असते, ते हातोडीकडे. धांदलीत हे उलटं होतं, आणि उलटा पंच पत्र्यात घट्ट रुतून बसतो. नखाने कड चाचपून बघायची सवय लावा. पंचाच्या धारेला मेण किंवा शिलाई मशीनच्या तेलाचं बोट लावा. पंच भोकात सोडा, तो पत्र्यावर टेकू द्या, मग बोटाने किंचित फिरवा. सहज फिरला तर सरळ बसलाय. स्क्रूचा कटर असेल तर आत्ता आवळा.

आता एक हलका ठोका, फक्त पंच पत्र्यावर बसावा म्हणून. हात बाजूला घ्या. मग एक पक्का घाव, हातोडी पंचाच्या डोक्यावर सपाट पडेल असा. खांद्यातून जोर काढू नका, कोपरातून उचला आणि हातोडीच्या वजनाला काम करू द्या. ८ मिमीची चकती एका घावात निघायला हवी, १६ मिमीला दोन-तीन लागले तर हरकत नाही. मधे थांबावं लागलं तर पंच हलवू नका. अर्धवट कापलेल्या खाचेत तो पुन्हा तंतोतंत बसत नाही आणि कडेला दुहेरी रेघ येते.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर खालच्या मजल्याचा विचार करावाच लागतो. लहान मापांसाठी मी शिकंजा (व्हाइस) वापरते. पंच बसवलेला कटर आडवा करून त्याच्या जबड्यांत धरायचा, कटरच्या तळाशी चामडं ठेवायचं आणि सावकाश आवळायचं. पत्रा कापला गेला की दांडा एकदम हलका होतो, तिथेच थांबायचं. आवाज नाही आणि पंच आपटतही नाही. मजबूत शिकंज्यावर १० मिमीपर्यंत हे छान जमतं. त्यापुढे तो वाकायला लागतो.

पंच अडकला तर त्याला बाजूने ठोकू नका. स्क्रू सैल करा, कटर उलटा करा आणि खालून त्याच्यापेक्षा लहान मापाची लाकडी काठी घालून हलके ठोके द्या. पक्कडीने पिळून काढायचा मोह आवरा, भोकाला चरे पडतात.

कड साफ करणे

निघालेली चकती बोटांत फिरवून बघा. खालची कड किंचित गोलसर असते आणि वरच्या, पंचाकडच्या कडेला नखाला लागेल अशी बारीक धार येते. ही वरची धार तुमच्या कटरचा आरसा आहे. सगळीकडून सारखी आणि बारीक असेल तर सगळं ठीक. एका बाजूला लांब आणि दुसरीकडे नाहीच, असं असेल तर पंच तिरका बसत होता. सगळीकडूनच लांब असेल तर पंचाची धार बोथट झालीय, नाहीतर त्या भोकाला पत्रा फार पातळ पडतोय.

काचेच्या सपाट तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश कागद ठेवा आणि बोटाने चकती दाबून इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. दहा-बारा फेऱ्या पुरतात. चकती घावाने थोडी वाटीसारखी झाली असेल तर त्याआधी ती नायलॉनच्या हातोडीने सपाट करा. झाळायची, म्हणजे सोल्डरने जोडायची, असेल तर तेल साबणाने धुऊन टाका. तेलकट जागी झाळ धरत नाही.

कानातल्याच्या कडीसाठी भोक हवं असेल तर ते चकती कापण्याआधी, मोठ्या पत्र्यावरच पाडा, कडेपासून दोन मिमी आत. सुटी चकती बोटांत धरून ड्रिल लावलं तर ती ड्रिलच्या टोकाबरोबर गरकन फिरते आणि बोट कापते. असं कापलेलं बोट बरं व्हायला फार वेळ लागतो.

कडं आणि चंद्रकोर

मधे भोक असलेली चकती, म्हणजे सपाट कडं, करायला क्रम उलटा लागतो: आधी आतलं भोक, मग बाहेरची चकती. आधी मोठी चकती कापली तर ती फटीत मधोमध धरता येत नाही. मध्य साधायची माझी पद्धत अशी. १६ मिमीच्या चकतीत ६ मिमीचं भोक हवं असेल तर पत्र्यावर कंपासने एकाच मध्यातून ५ मिमी आणि १५ मिमी व्यासाची दोन वर्तुळं ओरखडा. ६ च्या भोकात ५ चं वर्तुळ बसवताना सगळीकडे अर्धा मिमी मोकळी कड दिसली पाहिजे. तेवढी असमानता डोळा लगेच पकडतो. लहान भोक पाडा, मग १६ च्या भोकात १५ चं वर्तुळ तसंच बसवा आणि कापा. दोन वर्तुळं आधी ओढायची कारण भोक पडल्यावर कंपासचं टोक टेकवायला मध्यच उरत नाही. वर्तुळ दिसावं म्हणून बाजूने बॅटरीचा तिरका उजेड पाडा.

चंद्रकोर करायची तर याच युक्तीला थोडं वळण द्या. लहान भोक मधोमध न पाडता मोठ्या वर्तुळाच्या कडेजवळ पाडा, पण कडेला अर्धा मिमी धातू शिल्लक ठेवून. मग मोठी चकती काढा. पंचाच्या पूर्ण घेराखाली धातू असल्यामुळे तो ढकलला जात नाही. निघालेल्या चकतीतला तो बारीक पूल करवतीने कापा, दोन्ही टोकं कानसेने अणकुचीदार करा. भोक सरळ मोठ्या चकतीच्या कडेपार काढून चंद्रकोर कापता येते असं सांगणारे भेटतात. तिथे पुन्हा पंचाची एक बाजू अधांतरी राहते, म्हणून मी ते करत नाही.

चकतीपासून मणी

खरं सांगायचं तर कटर घेताना माझ्या मनात मणीच होता. आजीच्या बोरमाळेतला एक मणी चेपला होता आणि तो हातात घेतल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की आत काहीच नाही, पत्र्याचं बारीक कवच आहे फक्त. पुतळीमाळेतल्या पुतळ्या म्हणजे ठसा उमटवलेल्या चकत्याच, आणि गोल पोकळ मणी म्हणजे वाटीसारख्या दोन चकत्या तोंडाला तोंड लावून झाळलेल्या. आपले दागिने पत्र्याच्या गोलापासून किती लांबवर जातात याचं मला अजून नवल वाटतं.

मापाचा हिशेब असा: अर्धगोलाचा व्यास १ असेल तर चकती १.४१ लागते. चकतीचं क्षेत्रफळ आणि अर्धगोलाच्या पाठीचं क्षेत्रफळ सारखं धरलं की हा आकडा येतो. म्हणजे १६ मिमीच्या चकतीतून सुमारे ११ मिमीचा मणी, १३ मधून ९ चा, १० मधून ७ चा. मण्यासाठी पत्रा ०.५ मिमीचा घ्या.

चकती परत तापवून मऊ करा. खळग्यांच्या ठोकळ्यात, म्हणजे डॅपिंग ब्लॉकमध्ये, आधी चकतीपेक्षा मोठा खळगा निवडा, म्हणजे ती त्यात पूर्ण मावेल. खळग्याच्या काठावर चकती टेकली तर काठाचा वण उठतो आणि तो निघता निघत नाही. गोल डोक्याचा पंच खळग्यापेक्षा थोडा लहान घ्या, पत्र्याच्या जाडीला जागा हवी. नायलॉनच्या हातोडीने ठोका, मग त्याहून लहान खळगा, मग त्याहून लहान. तीन खळग्यांनंतर धातू पुन्हा कडक होतो. आवाज चढायला लागला की तापवून घ्या, नाहीतर कडेला सुरकुत्या पडतात.

दोन्ही वाट्या पॉलिश कागदावर उलट्या ठेवून घासा. कड चहूबाजूंनी सपाट चमकू लागली की त्या एकमेकींवर बिनफटीच्या बसतात. झाळण्याआधी दोन्हींच्या मध्यावर भोक पाडाच. दोरा ओवायला ते लागतंच, पण त्याहून मोठं कारण आतली हवा. बंद मण्यातली हवा तापून फुगते आणि मणी फुटू शकतो. टाकणखार (झाळ नीट वाहावी म्हणून लावायचा क्षार) कडेला लावा, झाळेचे बारीक तुकडे बाहेरून सांध्यावर ठेवा, ज्योत दोन्ही वाट्यांवर सारखी फिरवा. झाळ सांध्याभोवती चमकत धावली की ज्योत काढा. लिंबूसत्त्वाच्या पाण्यातून काढल्यावर मणी खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळा. आत अडकलेलं आंबट पाणी तसंच राहिलं तर काही दिवसांनी भोकाशी हिरवट डाग येतो.

कटरची निगा

काम झालं की फट ब्रशने झाडा, तेलाचा हात फिरवा, पंच आपापल्या भोकांत न ठेवता वेगळे, कापडात गुंडाळून ठेवा. भोकात ओलावा कोंडतो. मशीनचं तेल वापरा. खोबरेल किंवा खायचं तेल काही महिन्यांत चिकट होतं आणि पंच जाम करतं.

बोथट पंचाला धार लावता येते. धार लावायचा बारीक दाण्याचा तेलाचा दगड (ऑइलस्टोन) सपाट ठेवा, पंच त्यावर अगदी उभा धरा आणि फक्त तोंड घासा, बाजू कधीही नाही. बाजू घासली की व्यास कमी होतो आणि तो पंच त्या भोकात कायमचा सैल होतो. ग्राइंडरवर नेऊ नका, तापला की पोलादाचा कडकपणा जातो. उडालेला टवका घरच्या दगडावर घासून जाईल एवढा लहान नसतो. माझा १३ मिमीचा पंच अजून पेटीत आहे. धातूला मी तो लावत नाही, पण कानातल्यांच्या मागे लावायच्या चामड्याच्या चकत्या त्याने स्वच्छ निघतात.